पडद्यावरची बोली, पडद्याखालची इंग्रजी

भारतीय साहित्यांचा तुलनात्मक अभ्यास करणारा माणूस चित्रपटमहोत्सवाकडे सहसा फिरकत नाही. कादंबरी, कविता, नाटक यांच्या भाषांतरांविषयी आपल्याकडे परिसंवाद होतात, पुरस्कार दिले जातात, प्रबंध लिहिले जातात. परंतु एकाच सभागृहात, एकाच संध्याकाळी, पाचसहा भारतीय भाषा एकामागून एक ऐकू याव्यात आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाबरोबर त्या समजून घ्याव्यात, असा प्रसंग विद्यापीठात क्वचितच येतो. तो लघुपटांच्या महोत्सवात येतो. चेन्नई येथे २०१३ साली सुरू झालेल्या ‘रील डिझायर्स’ या आंतरराष्ट्रीय क्वीअर चित्रपटमहोत्सवातील लघुपटांची संध्याकाळ ही या दृष्टीने विचारात घेण्याजोगी घटना आहे. ‘ओरिनम्’ हा चेन्नईतील गट आणि मॅक्स म्युलर भवन ही जर्मन सांस्कृतिक संस्था यांच्या सहकार्यातून हा उपक्रम उभा राहिला. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे नाव धारण करणाऱ्या वास्तूत त्याला जागा मिळाली हा योगायोग खरा. तथापि त्या वास्तूत उपस्थित होणारा प्रश्नही मुळात भाषेचाच आहे.

समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या जीवनावरील चित्रपटांचा आपल्याकडील इतिहास फार लांबचा नाही, आणि त्यात लघुपटाचा वाटा मोठा आहे. रियाद वाडिया यांचा ‘बॉम्गे’ हा लघुपट १९९६ सालचा. तो आर. राज राव यांच्या इंग्रजी कवितांवर आधारलेला होता. श्रीधर रंगायन यांच्या ‘गुलाबी आईना’ला २००३ साली प्रमाणपत्र देण्यास सेन्सॉर मंडळाने नकार दिला. त्याच रंगायन यांनी पुढे २०१० साली मुंबईत ‘कशिश’ हा महोत्सव सुरू केला. चित्रपटगृहाचे दार बंद, दूरदर्शनचे दार बंद, निर्मात्याकडे पैसा नाही, अशा स्थितीत दहापंधरा मिनिटांचा लघुपट हेच हाताशी असलेले साधन होते. म्हणून महोत्सवातील लघुपटांची संध्याकाळ ही मुख्य कार्यक्रमाची पुरवणी मानता येत नाही. मराठी नवकथेला ‘सत्यकथा’ने जो आसरा दिला, साधारण तोच आसरा या आशयाला अशा संध्याकाळींनी दिला आहे.

अशा संध्याकाळी पडद्यावर तमिळ, मलयाळम, बंगाली, हिंदी, मराठी असे चित्रपट येतात आणि पडद्याच्या तळाशी इंग्रजी सबटायटल धावत असते. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की ती सोय आहे हेही विसरले जाते. वस्तुतः हे सबटायटल म्हणजे एक भाषांतर असते, आणि तेही अतिशय निवाडा करणारे भाषांतर. ते काय ठेवते आणि काय टाकते, हे पाहण्याचे काम आजवर कोणी अंगावर घेतलेले नाही. दिग्दर्शकाला ते शेवटच्या आठवड्यात उरकायचे असते, परीक्षकाला ते फक्त वाचायचे असते आणि साहित्याचा अभ्यासक तेथे हजरच नसतो.

आता व्याकरणाकडे वळावे, कारण या चित्रपटांचे नाट्य पुष्कळदा व्याकरणातच असते. मराठीत ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ यांपैकी एक म्हणावेच लागते. बोलणाऱ्याने आपले लिंग सांगितल्यावाचून प्रथमपुरुषी वाक्य बहुधा पुरे होत नाही. हिंदीचेही तसेच. तमिळात मात्र ‘नान् वन्देन्’ एवढे म्हटले की पुरे. बोलणारा पुरुष की स्त्री, हे क्रियापद सांगत नाही. तमिळ क्रियापद तृतीय पुरुषात लिंग सांगते: ‘अवन् वन्दान्’, ‘अवळ् वन्दाळ्’. परंतु तेथेही ‘अवर् वन्दार्’ हे आदरार्थी रूप दोहोंना चालते. बंगालीत तर ‘से’ म्हणजे तो किंवा ती, आणि क्रियापदालाही लिंग नाही. याचा अर्थ असा की आपल्या प्रेमाच्या माणसाविषयी बंगाली पात्र तासभर बोलू शकते आणि ते माणूस कोण आहे हे झाकून ठेवू शकते. तमिळ पात्र आदराच्या आडून तेच साधू शकते. मराठी पात्राला मात्र ‘मला कुणीतरी आवडतं’ अशा नपुंसकलिंगी आडोशाला जावे लागते, आणि तो आडोसा फार वेळ टिकत नाही.

इंग्रजी सबटायटलला हे काहीच पेलत नाही. बंगाली ‘से’च्या जागी तिला तो किंवा ती यांपैकी एक शब्द निवडावा लागतो आणि दिग्दर्शकाने शेवटच्या दृश्यासाठी राखून ठेवलेले गुपित दुसऱ्याच मिनिटाला फुटते. अलीकडे अशा ठिकाणी अनेकवचनी सर्वनाम योजण्याचा प्रघात पडला आहे. त्याने गुपित राहते, पण बंगालीतील सहज बोलणे इंग्रजीत हेतुपूर्वक केलेली लपवाछपवी होऊन बसते. उलट मराठीत एखाद्या पारलिंगी पात्राच्या तोंडी ‘मी आलो’च्या जागी पहिल्यांदा ‘मी आले’ येते, तेव्हा मराठी प्रेक्षकाला जे कळते ते इंग्रजी ओळ वाचणाऱ्याला कळत नाही. त्याच्या दृष्टीने कोणीतरी नुसते आलेले असते. यात आणखी एक बारकावा आहे. कोल्हापूरकडच्या बोलीत मुली सहजपणे ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. तेव्हा पडद्यावरील मुलगी ‘जातो’ म्हणाली तर ती आपल्या गावची बोली बोलते आहे की आपल्याविषयी काही सांगते आहे, याचा निर्णय केवळ मराठी कानच करू शकतो.

मराठी नाटकाला हा प्रश्न परका नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा देव ही त्याची नायिका, आणि ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. या शीर्षकातले व्याकरण मुद्दाम पाहण्याजोगे आहे. ‘मित्राची’ हे ‘मित्र’ या पुल्लिंगी नामाचे षष्ठ्यंत रूप आहे, तसेच ते ‘मित्रा’ या मुलीच्या नावाचेही आहे. एका शब्दात दोन लिंगे नांदतात, आणि नायिकेच्या आयुष्यातील पेच त्या एका शब्दात येतो. हे नाटक चेन्नईला पोचले ते गौरी रामनारायण या तेथील लेखिकेच्या इंग्रजी भाषांतरातून. ते भाषांतर २००१ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजीत मित्र या अर्थाच्या शब्दाला लिंगच नाही. त्यामुळे शीर्षकातील पेच तेथे उरला नाही, आणि तो दोष भाषांतरकर्तीचा म्हणता येणार नाही. तमिळात मात्र मित्राला आणि मैत्रिणीला वेगळे शब्द आहेत. तमिळ भाषांतरकाराला त्या शीर्षकाशी झगडावे लागले असते, आणि त्या झगड्यातून काहीतरी निष्पन्न झाले असते. मराठीतून तमिळात जाणारी वाट इंग्रजीवरून गेली की अशा झगड्याची संधीच नाहीशी होते.

नाव देण्याच्या प्रश्नातही हेच दिसते. तमिळनाडूत गेल्या दोनतीन दशकांत या विषयीच्या शब्दांची उघड चर्चा झाली, तशी ती महाराष्ट्रात झाली नाही. समलिंगी संबंधांसाठी तमिळात ‘ओरिनच्चेर्क्कै’ हा शब्द रूढ होता. त्यातील ‘चेर्क्कै’ म्हणजे संयोग. हा शब्द माणसाला त्याच्या शरीरव्यवहारापुरते मर्यादित करतो, असा आक्षेप पुढे आला. त्याऐवजी ‘तन्पालीर्प्पु’, म्हणजे आपल्याच लिंगाविषयीचे आकर्षण, हा शब्द पुढे करण्यात आला. ‘ओरिनम्’ या गटाने आपल्या नावात जुन्या शब्दातील ‘एकच जात, एकच कूळ’ एवढा भाग ठेवला आणि उरलेला सोडून दिला. पारलिंगी स्त्रियांसाठी कूवागमच्या यात्रेतील अरवान देवावरून आलेला ‘अरवाणी’ हा शब्द होता. त्याची जागा ‘तिरुनंगै’ने घेतली. ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘नंगै’ म्हणजे स्त्री. मराठीने याच काळात शिवीपासून ‘तृतीयपंथी’ इथवर मजल मारली. शिवीपेक्षा तो शब्द खचित सभ्य आहे. पण तमिळ शब्द त्या व्यक्तीला स्त्रियांच्या पंक्तीत मानाने बसवतो, आणि मराठी शब्द तिला तिसऱ्या क्रमांकावर उभी करून शिवाय तिचा एक पंथ बनवतो. इंग्रजी सबटायटलमध्ये मात्र तिरुनंगै, तृतीयपंथी, जोगता, अरवाणी या सर्वांची एकच ओळ होते.

हे शब्दांचे प्रश्न न्यायालयातही गेले. ७ जून २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी दोन तरुणींच्या याचिकेवर निर्णय देताना लैंगिक कल ‘बदलण्याच्या’ तथाकथित उपचारांना मनाई केली. या विषयाचे आपले ज्ञान अपुरे आहे असे मानून त्यांनी त्याआधी स्वतः मानसशास्त्रतज्ज्ञांकडून समजावून घेतले होते. या प्रकरणाचा पाठपुरावा होत असताना आदरयुक्त तमिळ शब्दांची सूची तयार झाली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने ती राजपत्रात प्रसिद्ध केली. पुढे मे २०२५ मधील एका निकालपत्रात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ‘क्वीअर’ हा शब्द वापरताना अवघडल्यासारखे होते असे नमूद केले, कारण इंग्रजी कोशात त्याचा अर्थ विचित्र असा आहे. तमिळात या अर्थी ‘पाल्पुदुमैयर्’ हा शब्द वापरात आहे. ‘पाल्’ म्हणजे लिंग, ‘पुदुमै’ म्हणजे नवल, नवेपणा. इंग्रजीने शिवीचे बिरुद केले, तमिळाने नवेपण हेच नाव केले. मराठीने मूळ शब्दच देवनागरीत लिहून घेतला आणि काम भागवले.

लिंग आणि ‘पाल्’ हे दोन्ही शब्द मुळात व्याकरणाच्या आणि शरीराच्या अशा दोन्ही क्षेत्रांत वावरणारे आहेत, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. तोल्काप्पियम या प्राचीन तमिळ व्याकरणग्रंथात स्त्री-पुरुष या विभागणीत न बसणाऱ्या व्यक्तींच्या नामांचा विचार आला आहे. त्यांच्यासाठी क्रियापदाचा निराळा प्रत्यय नाही, मनुष्यवर्गाचेच प्रत्यय त्यांना लागतात, असा त्याचा आशय आहे. व्याकरणकाराला सामाजिक न्याय अभिप्रेत होता असे म्हणण्याचे कारण नाही. त्याने केवळ भाषेतील व्यवहार नोंदवला. पण त्या व्यवहारात ही माणसे माणसांच्या वर्गात मोजली गेली होती. आपल्या भाषांच्या पोटात असे पुष्कळ साठलेले आहे, आणि ते इंग्रजीच्या मध्यस्थीने हाती लागणारे नाही.

संबोधनाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. ‘पावक्कदैगळ’ या २०२० सालच्या चार लघुकथापटांच्या मालेत सुधा कोंगरा यांचा ‘तंगम्’ हा भाग आहे. सत्तार या पारलिंगी पात्राची, तिच्या प्रेमाची आणि गावाने व घराने तिला नाकारण्याची ती कथा आहे. ‘तंगम्’ म्हणजे सोने. जवळच्या माणसाला लाडाने हाक मारण्याचा तो तमिळ शब्द आहे. इंग्रजीने त्याचा अनुवाद ‘मौल्यवान’ अशा अर्थाने केला. मराठीला मात्र अनुवाद करण्याचीही गरज नव्हती. मराठी आई पोराला ‘सोन्या’ म्हणते, ‘माझं सोनं ते’ म्हणते. ज्या नात्यातून तो तमिळ शब्द येतो त्याच नात्यातून हा मराठी शब्द येतो. दोन शेजारघरांमधली ही हाक आज सातासमुद्रापार जाऊन परत येते, आणि येताना तिच्यातला जिव्हाळा जकात म्हणून ठेवून घेतला जातो.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे, कारण ती बाजू लंगडी नाही. ज्याला मातृभाषेने शिवीखेरीज दुसरे नाव दिले नाही, त्याच्यासाठी इंग्रजी हा निवारा ठरतो. आईला जे सांगता येत नाही ते अनेकांनी प्रथम इंग्रजीत स्वतःला सांगितले आहे. इंग्रजी शब्दाला घरचा वास नसतो, आणि घराचाच जाच असलेल्या माणसाला तेवढेच हवे असते. शिवाय १९६५ चे भाषिक आंदोलन पाहिलेल्या चेन्नईत हिंदी ही सर्वांची दुवा-भाषा होईल, अशी अपेक्षा कोणी धरू नये. महोत्सव चालवणारे बहुतांशी स्वयंसेवक असतात. तमिळ प्रेक्षकाला बंगाली चित्रपट आणि मराठी प्रेक्षकाला मलयाळम चित्रपट समजावा यासाठी त्यांच्या हातात एकच हुकमी साधन असते. त्यांच्यावर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. इंग्रजी ओळी काढून टाकाव्यात असे येथे म्हणावयाचे नाही.

म्हणावयाचे आहे ते इतकेच की निवाऱ्यालाच घर समजणे बरोबर नव्हे. इंग्रजीने ज्यांना निवारा दिला ते इंग्रजी शिकलेले होते. ज्यांना ती येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न रोहन कानवडे यांच्या ‘उ उषाचा’ या २०१९ सालच्या मराठी लघुपटाने अगदी साध्या रीतीने पुढे ठेवला आहे. त्यातील उषा शेतमजूर आहे, एकटीने संसार ओढणारी आई आहे आणि निरक्षर आहे. गावच्या प्राथमिक शाळेतील शिक्षिकेविषयी तिच्या मनात ओढ निर्माण होते, आणि त्या ओढीबरोबरच अक्षर शिकण्याची इच्छा जागी होते. अंकलिपीतील ‘उ उखळाचा’ हा पाठ तिच्या बाबतीत ‘उ उषाचा’ होतो. प्रेम आणि साक्षरता यांची अशी एकत्र मांडणी मराठी कथेतही विरळाच सापडेल. तमिळ प्रेक्षकाला यात आणखी एक अर्थ दिसू शकेल. तमिळ माणूस कोणतेही लिखाण आरंभताना पानाच्या माथ्यावर ‘पिळ्ळैयार सुळि’ काढतो, आणि ती खूण म्हणजे तमिळ लिपीतील ‘उ’ हेच अक्षर. म्हणजे उषाचे अक्षर तमिळ लेखी प्रत्येक आरंभाचे अक्षर आहे. पण हे तमिळ प्रेक्षकाला सांगणार कोण? आणि त्याहून मोठा प्रश्न असा: तमिळनाडूतील एखाद्या उषाने हा लघुपट पाहावयाचे ठरवले, तर तिच्यासाठी तळाशी काय लिहिलेले असेल? जिच्याविषयी चित्रपट आहे तिलाच तो वाचता येऊ नये, ही विसंगती महोत्सवाची म्हणून सोडून देता येणार नाही. ती आपल्या सर्व भाषांतरव्यवहाराची विसंगती आहे.

जातीचा प्रश्नही यापासून वेगळा काढता येत नाही. नीरज घायवान यांच्या ‘गीली पुच्ची’ या २०२१ सालच्या हिंदी लघुकथापटात कारखान्यात राबणारी दलित भारती आणि त्याच कारखान्यात कचेरीतील नोकरी मिळवणारी ब्राह्मण प्रिया यांच्यात आकर्षण आहे. पण त्या आकर्षणाला जात जागोजागी अडवते. आडनाव विचारण्याची रीत, भांड्यांचा भेद, ‘तू’ आणि ‘आप’ यांतील अंतर, या साऱ्यांतून ही अडवणूक सांगितली जाते. मराठी प्रेक्षकाला यातील प्रत्येक खूण ओळखीची आहे, आणि तमिळ प्रेक्षकालाही आहे. इंग्रजी सबटायटलला मात्र एकच ‘यू’ ठाऊक असल्यामुळे तिला मालकीण आणि मजूर सारखेच. परदेशी परीक्षकाला ही समता भावत असेल. ज्यांच्या घरात ती नाही त्यांना त्या ओळी फसव्या वाटतील.

फराज आरिफ अन्सारी यांच्या ‘सिसक’ या २०१७ सालच्या लघुपटाने यातून सुटण्याचा एक मार्ग काढला. मुंबईच्या लोकलगाडीत एकमेकांकडे पाहणारे दोन पुरुष आणि संवाद एकही नाही. तो चित्रपट कोठल्याही गावी तळाच्या ओळींवाचून दाखवता येतो. परंतु प्रत्येक चित्रपटाने मुके व्हावे अशी अपेक्षा करता येत नाही. विशेषतः ज्या माणसांना पिढ्यान् पिढ्या मुकेपणच वाट्याला आले, त्यांच्याकडून तर नाहीच.

मग काय करावे? विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या विभागांना येथे एक काम आयते वाट पाहते आहे. पंधरा मिनिटांच्या लघुपटात संवाद थोडकेच असतात. तमिळ जाणणारा एक आणि मराठी जाणणारा एक, असे दोन विद्यार्थी मिळून एका सत्रात दोनतीन लघुपटांचे थेट भाषांतर सहज करू शकतील. दिग्दर्शकाची अनुमती घ्यावी, महोत्सवाशी बोलावे, आणि जेथे दोन भाषा थांबून एकमेकींकडे पाहू लागतात त्या जागांचे टिपण करावे. ‘तन्पालीर्प्पु’ला मराठीत काय म्हणावे? ‘तिरुनंगै’ची बरोबरी करील असा मराठी शब्द घडवावा की तोच उचलावा? ‘जोगता’ तमिळात कसा न्यावा? हे प्रश्न एखाद्या समितीने बंद खोलीत सोडवण्याचे नाहीत. पात्र पडद्यावर बोलत असताना आणि ओळीला फक्त दोन क्षण मिळत असताना ते सोडवावे लागतील, आणि म्हणूनच निघणारे शब्द तोंडात बसण्याजोगे निघतील. साहित्य अकादमीने २०१८ साली कोलकात्यात पारलिंगी कवींचे संमेलन भरवले, तेव्हा अशा लेखनाला साहित्य म्हणून मान्यता मिळू शकते हे सिद्ध झालेच आहे. आता त्या लेखनाच्या भाषाभाषांमधील प्रवासाची काळजी वाहणे उरले आहे.

६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने समलिंगी व्यक्तींवरील गुन्ह्याचा शिक्का सर्वोच्च न्यायालयाने पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने विवाहाचा अधिकार देण्याचे त्याच न्यायालयाने नाकारले. कायद्याची वाट अशी पुढेमागे होत राहील. घरातली वाट मात्र भाषेतून जाते. कानवडे यांच्याच ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेला मुलगा, जुना सोबती आणि सारे जाणणारी आई, एवढीच त्याची सामग्री. निवडुंगाच्या त्या फळाला अमेरिकेत पोचायला इंग्रजी नाव पुरले. पण ते फळ काटे काढून कसे खावे हे तमिळनाडूतील रानावनात वाढलेल्या माणसाला मराठी माणसाइतकेच ठाऊक आहे. त्याच्यासाठी पडद्याच्या तळाशी तमिळ ओळ असावी, आणि चेन्नईच्या लघुपटांसाठी पुण्यात व नागपुरात मराठी ओळ असावी, ही मागणी मोठी नाही. आजवर ती कोणी केलेली नाही, एवढेच.